भोजपूरच्या आरनातून देवगडच्या बागेत: खुकुरी आणताना आणि वापरताना

खुकुरी, म्हणजे पुढे वाकलेल्या पात्याचा नेपाळी सुरा, नेपाळहून आणता येते का, कायदा काय म्हणतो, विमानतळावर अडवतात का, आणि आणलीच तर आपल्या कोकणातल्या कामाला ती चालते का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते. माझा प्रवास नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ चा आहे. नियम बदलत असतात, तेव्हा जाण्याआधी ताजे नियम बघून घ्या.

देवगड तालुक्यात आमची आंब्या-काजूची कलमं आहेत. इकडच्या कितीतरी बागांमध्ये हंगामात राखणीला आणि कामाला नेपाळी माणसं असतात, आमच्याकडेही आहेत. आम्ही त्यांना दाजू म्हणतो. दाजूंच्या कमरेला खुकुरी असायची आणि दिवसभर ती हातात या ना त्या कामाला फिरत राहायची. सकाळी चुलीची ढलपी काढायला, मग रानमोडी तोडायला, दुपारी नारळ फोडायला, संध्याकाळी कांदा चिरायलाही तीच. म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत ठेवत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे सगळे सांगतात. दाजूंनी ती ऐकून नुसती मान हलवली. त्यांच्या घरी ती स्वयंपाकघरातही असते.

एकदा करवंदीची जाळी काढताना मी ती मागून घेतली. आपला कोयता टोकाशी आत वळलेला असतो, फांदी ओढून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि झाडावर चढताना मी आजही कोयताच नेते. पण जमिनीलगतच्या मनगटाएवढ्या खोडावर घाव घालायचा असेल तर खुकुरीचं वजन पुढे, पोटाशी असतं आणि ते वजनच काम करतं. मनगट दुखत नाही. बेणणीच्या दिवसांत ज्यांचं मनगट संध्याकाळी सुजतं त्यांना याचं मोल कळेल. तेव्हापासून स्वतःची खुकुरी हवी असं मनात बसलं, आणि ती जिथे घडते तिथून, घडवणाऱ्याच्या हातून घ्यायची हेही ठरलं.

आधी कायदा वाचला. शस्त्र अधिनियम १९५९ खाली शस्त्र नियम २०१६ आहेत, आणि त्यांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाले यांच्या रांगेत खुकुरीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथेच माप दिलंय: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद. आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. कायद्याच्या कलम १० नुसार कुठलंही शस्त्र परदेशातून भारतात आणायला परवाना लागतो. म्हणजे सुरक्षित राहायचं तर पातं नऊ इंचांच्या आत, पोट दोन इंचांच्या आत, आणि वस्तू उघडउघड शेतीची. मी या तिन्ही गोष्टी पाळायचं ठरवलं. नुसत्या ‘शेतीसाठी आहे’ या एका वाक्यावर बारा इंची पातं घेऊन विमानतळावर उभं राहण्याची माझी तयारी नव्हती.

ऑगस्टमध्ये कस्टमला ईमेलही केला. महिन्याभराने उत्तर आलं की सामान पाहून तिथला अधिकारी निर्णय घेईल. एवढ्यावर समाधान मानायचं नसेल तर वकिलाला विचारा. मी आमच्या ओळखीच्या वकिलांकडून अनुसूचीची छापील प्रत घेतली, त्या ओळीखाली रेघ मारली आणि ती पासपोर्टबरोबर ठेवली. सोबत आमचा सातबारा. तो का घेतला ते पुढे येईलच.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. नेपाळी रुपयाचा दर बांधलेला आहे, आपल्या शंभराला त्यांचे १६०. २० नोव्हेंबरला काठमांडूला उतरले, दिवाळी म्हणजे त्यांचं तिहार नुकतंच संपलं होतं.

ठमेलमध्ये दर दहा पावलांवर खुकुरीचं दुकान आहे. आरशासारखं चकचकीत पातं, मुठीवर पितळी सिंह, म्यानावर नक्षी. भिंतीवर लावायला ठीक. मी दोन-तीन हातात घेतल्या आणि मूठ धरून पातं हलकेच झटकलं, तर आत टकटक जाणवली, म्हणजे बसवणी ढिली. कामाची वस्तू घेताना ही पहिली परीक्षा. त्यापेक्षा छाउनीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलेलं सार्थकी लागलं. गोरख्याचा राजा द्रव्य शाह याची म्हणून दाखवतात ती खुकुरी तिथे आहे. द्रव्य शाह १५५९ मध्ये गादीवर बसला. काचेपलीकडे ती जुनी वाकणं पाहताना इतकंच जाणवलं की आकार फारसा बदललेला नाही, पोट कुठे सुरू व्हावं आणि पाठ कुठे मोडावी हे तेव्हाच ठरून गेलंय.

पूर्वेकडे विराटनगरपर्यंत विमान आणि तिथून गाडीने धरान. डोंगराच्या पायथ्याचं हे शहर लाहुऱ्यांचं, म्हणजे परदेशी फौजेत नोकरी केलेल्यांचं. इथे ब्रिटिश गोरखा सैन्याची छावणी होती, त्या जागेवर आता बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान संस्था आहे. भानु चौकाच्या आसपास खुकुरीची दुकानं मिळतात आणि माल ठमेलपेक्षा कितीतरी खरा. पण मला आरन बघायचं होतं. आरन म्हणजे लोहाराची भट्टी आणि काम करायची जागा. त्यासाठी पूर्व नेपाळच्या डोंगरातलं भोजपूर.

धरानहून भेडेटार, धनकुटा, हिले असा घाट चढत जायचं, मग लेगुवाघाटला अरुण नदीपर्यंत उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. जीपने अख्खा दिवस जातो. नोव्हेंबरात रस्ता कोरडा असतो. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नका, दरडी कोसळतात. भाडं तेव्हा हजार-बाराशे नेपाळी रुपये होतं, आणि पुढची सीट आदल्या संध्याकाळी सांगून ठेवली तरच मिळते.

भोजपूर बाजारातल्या लॉजच्या दिदींनी ज्या आरनात पाठवलं तिथे दोन भाऊ आणि थोरल्याचा मुलगा काम करत होते. मी सोबत तीन गोष्टी नेल्या होत्या: आमच्या कोयत्याचा फोटो, रानमोडीच्या आणि करवंदीच्या खोडाच्या जाडीची मापं, आणि मोजपट्टी. तुम्हीही असंच करा. “खुकुरी हवी” म्हटलं की समोरचा विचारतो, “काय कामाला?” आणि त्याच्या उत्तरावर सगळं ठरतं. भोजपुरे खुकुरी पोटाला रुंद आणि जड, तोडायला उत्तम. सिरुपाते अरुंद आणि लांबट, सिरु गवताच्या पात्यासारखी, म्हणून ते नाव. झुडपं आणि वेली छाटायला तिला तोड नाही. अंगखोलाच्या पाठीजवळ पन्हळ असते, त्यामुळे पातं जाड राहूनही वजन घटतं.

तिथे भिंतीला एक दहा इंची अंगखोला टांगलेली होती. ती हातात घेतली आणि ठेववेना. तोल असा की मनगट फिरवलं की पुढचं आपोआप होतं. पण दहा म्हणजे दहा. मोजपट्टी लावून पाहिली, परत टांगून ठेवली. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

२४ तारखेला दोन खुकुऱ्या सांगितल्या. एक भोजपुरे वळणाची: पातं साडेआठ इंच, पोट पावणेदोन इंच, पाठ जाड. दुसरी सिरुपाते: आठ इंच, पोट दीड इंच. मुठी सिसौच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्या जातीतल्या लाकडाच्या. म्हशीच्या शिंगाची मूठ दिसायला देखणी, पण घामेजलेल्या हातात निसटते आणि उन्हा-पावसात तडकते असं त्यांनीच सांगितलं. माझ्या हाताचा घेर दोरीने मोजून घेतला. बायकांना हा मोठा फायदा आहे, बाजारातली बहुतेक हत्यारं पुरुषांच्या पंजाला बेतलेली असतात. किंमत ४,२०० आणि ४,८०० नेपाळी रुपये, म्यान आणि त्यातच बसणाऱ्या दोन छोट्या वस्तू धरून: करद म्हणजे लहान सुरी, आणि चकमक म्हणजे धार सरळ करायची बोथट पट्टी. निम्मे आगाऊ दिले. मंगळवारी या म्हणाले.

मी रोज जाऊन बसायचे. पोलाद ट्रकच्या कमानपट्ट्याचं. लाकडी कोळशाच्या भट्टीला हवा द्यायला आता विजेचा पंखा आहे, घासायला ग्राइंडर आहे. पण वीज गेली की हाताने फिरवायचा पंखा बाहेर येतो आणि काम थांबत नाही. दोघे आळीपाळीने घण मारतात, तिसरा सांडशीत धरलेला तुकडा फिरवत राहतो. पाठ जाड ठेवत ठेवत धार पातळ होत जाते. मुठीजवळची कउडी, ती छोटी खाच, कानशीने निघते. तिच्याबद्दल पन्नास कथा आहेत. चीक किंवा रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून, असं थोरले म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

पाइन द्यायचा दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. आपले लोहार ज्याला पाणी देणं म्हणतात तेच. त्यांनी दार लोटून घेतलं, कारण लोखंडाचा रंग अंधारातच ओळखता येतो. पातं भट्टीत आडवं फिरत होतं, धारेची बाजू खाली. रंग हवा तसा आला तसं ते बाहेर काढलं आणि पाठ खाली, धार वर असं सांडशीत धरलं. धाकट्याच्या हातात चहाची जुनी किटली होती. तिच्या चोचीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या धारेवरून पोटाच्या भागात पुढे-मागे फिरू लागली. वाफेचा चरचराट, आणि धार काळी पडलेली असताना पाठ अजून लालच. किटली बाजूला झाली. मग पाठीतली उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकू लागली आणि घासलेल्या पोलादावर आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी रंग चढत आला. निळा दिसू लागणार एवढ्यात त्यांनी पुन्हा पाणी सोडलं. तीन-चार श्वासांचं काम. पुढे मागे झालं तर धार काचेसारखी उडते नाहीतर शिशासारखी वळते. या निर्णयाला ना तापमापक ना घड्याळ.

थंड झाल्यावर माझ्या हातात कानस दिली. पोटाशी कानस नुसती घसरली, मुठीजवळ आणि टोकाशी ती खात होती, पाठीवर तर सहज खात होती. असंच हवं. घाव पोटाशी बसतो, तिथे कडकपणा. बाकीचं पातं धक्का सोसायला नरम. दुकानातून घेत असाल तर छोटी कानस सोबत ठेवा आणि दुकानदाराला विचारून धारेच्या अगदी कडेला एक हलका स्पर्श करून बघा.

हे लोहार कामी जातीचे, आता बरेचजण आडनाव विश्वकर्मा लावतात. दसऱ्याला, त्यांच्या दशैंला, त्यांनीच घडवलेल्या हत्यारांची घरोघरी पूजा होते, आणि घडवणाऱ्याला पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. १९६३ च्या मुलुकी ऐनाने जातिभेदाला कायद्यातून काढलं, पण थोरल्यांना लहानपणीच्या गोष्टी आठवतात आणि त्या त्यांनी सांगितल्याही. आपणही खंडेनवमीला कोयता-विळ्याला हळदकुंकू वाहतो, आणि लोहार गावात कुठे राहतो हे आपल्यालाही माहीत असतं. थोरल्यांचा पुतण्या कतारला आहे. मुलगा कधी जाईल माहीत नाही. म्हणून सांगते, थेट आरनातून घ्या, सांगतील ती किंमत द्या, घासाघीस करू नका. तीन माणसांच्या दोन-तीन दिवसांच्या श्रमाचे आपले २,६२५ आणि ३,००० रुपये होतात.

निघायच्या आदल्या दिवशी बाजारातल्या एका आजोबांनी वापरातली जुनी खुकुरी विकायला आणली. पातं पावणेनऊ इंच, रुंदी दोनला जराशी कमी, धार दगडावर घासून घासून पोटात झिजलेली. मूठ तळहाताने गुळगुळीत केलेली. बापाने घेतलेली, म्हणाले. ३,५०० नेपाळी रुपयांना घेतली. संग्रह म्हणून माझ्याकडे जे काही आहे त्यातली ही सगळ्यात आवडती.

जुनी दिसणारी वस्तू घेतली की एक काम वाढतं. नेपाळच्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमची वस्तू तितकी जुनी नाही असा दाखला काठमांडूच्या रामशाह पथावरच्या पुरातत्त्व विभागाकडून घेता येतो. नसेल तर विमानतळावर अडकण्याची शक्यता असते. वस्तू, पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स, विकत घेतल्याची चिठ्ठी बरोबर न्या. २०२३ मध्ये नेपाळात सरकारी सुट्टी शनिवारची होती, रविवारी कचेऱ्या चालू असायच्या, आणि शुक्रवारी तीनलाच बंद व्हायच्या. मी ३० तारखेला, गुरुवारी परतले आणि विमान मुद्दाम ५ डिसेंबरचं काढलं होतं. शुक्रवारी सकाळी अर्ज, रविवारी दाखला. एवढी ऐसपैस वेळ ठेवली की जिवाला घोर लागत नाही.

पॅकिंग असं केलं: पातं तेलाच्या फडक्यात, मग म्यान, म्यानाला दोन ठिकाणी दोरी, वर जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी. करद आणि चकमकसुद्धा चेक-इनच्याच बॅगेत, हातातल्या सामानात चुकूनही नको. काउंटरवर स्वतःहून सांगितलं, त्यांनी बॅग उघडून पाहिली आणि सोडली.

दिल्लीला सामान घेऊन मी सरळ लाल मार्गिकेत, म्हणजे कस्टमला माल स्वतःहून दाखवायच्या रांगेत गेले. पोटात गोळा होता. नेपाळहून विमानाने येणाऱ्याला तेव्हा १५,००० रुपयांपर्यंतचा माल करमुक्त होता. रस्त्याने सरहद्द ओलांडली तर ती सवलत नव्हती, फक्त वापरातलं सामान. माझ्या तिन्ही मिळून आपले ७,८०० च्या आसपास. अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या, पट्टी मागवली, तिन्ही पाती मोजली, रुंदीही. “इससे करेंगी क्या?” म्हणून विचारलं. सातबारा पुढे केला. मराठी त्यांना वाचता येईना, पण आंबा-काजू हे पीकपाहणीतले शब्द मी बोट ठेवून सांगितले आणि बागेचे फोटो दाखवले. ते वरिष्ठांकडे घेऊन गेले. दोनेक तास बसवलं. मग नोंद करून, सही घेऊन सोडलं. तुमच्या वेळचा अधिकारी वेगळा निर्णय देऊ शकतो, हे गृहीत धरूनच जा. वस्तू ठेवून घेतली तर वाद न घालता पावती घ्यायची, हे मी मनाशी ठरवून गेले होते.

गावी आल्यावर पोलीस पाटलांना दाखवून ठेवल्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश अधूनमधून लागू असतात, त्या काळात सार्वजनिक जागी हत्यार घेऊन फिरता येत नाही. घर ते बाग नेताना मी पोत्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवते. कमरेला लावते ती बागेच्या गडग्याच्या आत आल्यावरच.

आता दोन हंगाम वापरून झाल्यात. जड भोजपुरे काजूखालच्या करवंदी, सुक्या फांद्या आणि चुलीच्या लाकडाला. सिरुपाते रानमोडी, घाणेरी आणि वेलींना. म्यानातून काढताना म्यान पाठीच्या बाजूने धरायचं, बोटं धारेकडे वळवायची नाहीत, कारण आतल्या फळ्यांचा सांधा तिथेच असतो आणि धार तो चिरून बाहेर येऊ शकते. दाजूंनी हे माझ्याकडून पाचपन्नास वेळा करून घेतलं. मूठ घट्ट आवळायची नाही, घाव तिरका घालायचा, पाय घावाच्या रेषेत नको, आणि आसपास दोन काठ्यांच्या अंतरात माणूस नको. आधी मागच्या वेली मोकळ्या करा, नाहीतर पातं मागे अडकून वळतं. टोकाने दगड उचकटू नका, माती खणू नका.

सुक्या बांबूवर धार कधी कधी जराशी मुडपते. चकमक तिच्यावरून दाबून फिरवली की सरळ होते. धार इथे फुगीर असते, म्हणून सपाट दगडावर घासून ती बसवून टाकू नका. जुन्या चामडी पट्ट्यावर ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पातं मागे ओढायचं, पुढे ढकलायचं नाही.

आंब्या-काजूचा चीक पातं काळं करतो. काम संपल्याबरोबर ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, शिलाई मशीनचं तेल लावा. खोबरेल चिकट होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडी म्यानाला बुरशी येते आणि आतल्या दमटपणाने पातं गंजतं, तेव्हा जून ते सप्टेंबर मी पाती म्यानाबाहेर, तेलाच्या फडक्यात, पेटीत ठेवते. मूठ लाहाने, म्हणजे राळेच्या मिश्रणाने चिकटवलेली असते. ती उष्णतेने मऊ पडते, म्हणून मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, गरम पाण्यात धुऊ नका. ढिली झालीच तर मुठीच्या तोंडाशी असलेल्या पितळी सामेला हलकी ऊब देऊन मूठ दाबून धरायची आणि रात्रभर तशीच बांधून ठेवायची. जुन्या खुकुरीची मूठ आमच्या लोहारांनी अशीच बसवून दिली, पन्नास रुपयांत, आणि कमानपट्टा आणून दिलात तर असं एखादं पातं घडवून बघतो म्हणाले. ट्रकच्या गॅरेजमध्ये पट्टा सांगून ठेवलाय.